नितळ बरणी

प्रयोगशाळेच्या खिडकीत महिनाभर दोन बरण्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्हींत गावच्या तळ्याचंच पाणी. एकीत मी दुकानातल्या 'कुजून माती होणाऱ्या' पिशवीचा कातरून कातरून केलेला चुरा टाकला होता, दुसरीत काहीच नाही. नुसत्या पाण्यात शेवाळ धरलं. आधी काचेवर पोपटी झाक आली, मग ऊन तिच्यातून टेबलावर उतरलं की माझी वहीसुद्धा हिरवी दिसायची. चुऱ्याच्या बरणीत मात्र शेवाळ काही केल्या धरेना.

परवा वर्गावरून आले, तर हिरवी बरणी पालथी घातलेली, काठावरून पाणी निथळत होतं.

"बाई, ती घाण झालेली बरणी घासून लख्ख केली बघा," आमच्या सफाईच्या सुमनताई म्हणाल्या. "दुसरी स्वच्छच होती, तिला हात नाही लावला."

रागवायचं तरी कसं? घरी पिंपात जरा हिरवट दिसलं की मीही नारळाची शेंडी घेऊन बसतेच. हे हातांनाच पाठ झालंय. आणि तिकडे तळ्यात कितीतरी पिशव्या माती व्हायला निघाल्या असतील, सावकाश, अजून वाटेतच तरंगत.

उरलेली बरणी मी उन्हात धरली. चुऱ्याचे कण अभ्रकासारखे चमकत हळूहळू खाली येत होते. पाण्यात जिवंत असं दुसरं काहीच नव्हतं.

"किती छान दिसतंय, नाही?" सुमनताई म्हणाल्या.

खरंच छान दिसत होतं.