लढाईचा सिनेमा आणि बसमधल्या बाई

ओरत्तनाडूहून तंजावूरला येणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाई बहिणीला नुकत्याच पाहिलेल्या सिनेमांबद्दल सांगत होत्या. कुणाला कळू नये म्हणून मराठीत, अगदी बिनधास्त.

"लढाईच्या सिनेमात कुणी एक घास जेवलं नाही ग! दुसऱ्या सिनेमात त्या म्हातारीचं रसम उतू गेलं, तिथं मात्र मी रडले."

मला हसू आलं. त्या वळल्या. "अगोबाई, आपलीच का तू? तुला कुठला आवडला?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "म्हातारीचा," मी चाचरत म्हणाले, "पण कॉलेजात सगळ्यांना लढाईचा आवडलाय. आज वर्गात त्यावरच बोलायचंय."

"मग? तिकीट काढून तूच बघितलास ना?"

स्वतःच्या डोळ्यांवर एवढा विश्वास मी घरात कुणाचा पाहिला नव्हता. वर्गात लढाईच्या सिनेमावर बोलायची माझी पाळी आली. मी पहिलं वाक्य तमिळमध्ये मोठ्यानं म्हटलं, "मला तो आवडला नाही."