मागची सीट

घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्या नर्सला सगळे सिस्टरच म्हणत. रुग्ण बहुतेक टेकडीवरच्या वस्तीतले. सोबत चाकांची घडीची खुर्ची, औषधांची पेटी. भाड्याच्या गाड्या चढ बघूनच नाही म्हणायच्या. शेवटी तिने स्वतःची गाडी घ्यायचं मनावर घेतलं.

खरं तर गाडी निवडायची ती दादाने. तिचा थोरला भाऊ पिकअपने सामान पोचवायचा. गाड्यांवर बोलायला लागला की समोरचं जेवण गार व्हायचं. त्याच्या पिकअपला मागची चाकं ढकलायची. माल भरलेला असला की ती रस्ता घट्ट धरायची, रिकामी असली की मागून हलकी पडायची. म्हणून हौद्यात कायम वाळूची पोती. सिस्टरने आपलं जुनं कपाट टेकडीवरच्या एका रुग्णाला द्यायचं ठरवलं, तेव्हा जागेसाठी त्याने ती पोती तिच्या जिन्याखाली उतरवली. "उद्या नेतो," म्हणाला. कपाट पोचवून रिकामा परतताना ओल्या वळणावर गाडी मागून फिरली आणि कठड्याखाली गेली.

दादाला जाऊन दोन वर्षं झाली, पोती अजून तिथेच होती. जिन्यात पाऊल वाजलं की सिस्टरला वाटायचं, न्यायला आला.

सेल्समनने आधी सेडान दाखवली. डिकी ऐसपैस, पण तोंड अरुंद. खुर्ची काही केल्या आत जाईना. मग उंच जीप आणली. चारही चाकं ओढणारी, चढ कसा चढली कळलंसुद्धा नाही. पण पायरी एवढी उंच, की म्हाताऱ्या माणसाला दोघांनी उचलून ठेवावं लागलं असतं. सेल्समन म्हणाला, हिला ओल्या रस्त्याची भीती नाही. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला.

"चढताना ठीक आहे गं. थांबताना सगळ्यांना चारच चाकं."

तिने आरशात पाहिलं. दुसऱ्याच्या गाडीत बसायचा तसाच तो गुडघे जवळ घेऊन, अंग चोरून बसला होता. पापणी लवली आणि सीट रिकामी झाली.

शेवटी हॅचबॅक. पुढची चाकं ओढणारी, इंजिनाचा भारही त्यांच्यावरच. मागचं दार वर उघडायचं, सीट पाडली की खुर्ची सरळ आत. भुरभुर पाऊस होता. सिस्टरने ती मुद्दाम त्याच वळणावरून खाली आणली. गाडी जराही हलली नाही. तिने गाडी कडेला घेतली.

"दादा, हीच घेऊ का?"

सेल्समनला वाटलं, फोनवर बोलतेय. तिने तीच घेतली.

मागची सीट अर्धी-अर्धी पडते. सिस्टर एकच अर्धी पाडते आणि खुर्ची तिरकी कोंबते. एकदा वहिनी मदतीला आली आणि दुसरी अर्धीही पाडायला वाकली.

"ती राहू दे, वहिनी."

वहिनीचा हात थांबला. त्या सीटवर ठेवलेली आपली पिशवी तिने हळूच उचलली, आणि पुढे बसून मांडीवर घेतली.