कॉलरच्या कोपऱ्यावरचा ठोका

सोळा वर्षांच्या पोरीनं "मी डीजे होणार" म्हटलं की तुमच्या पोटात नेमकं का दुखतं? हेच मुलगा म्हणाला असता तर पाठीवर थाप मारली असती ना?

आमच्या शिलाई कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या बाईची ही पोरगी. सगळे तिला खटखट म्हणतात, कारण जेवतानाही ती ताटावर बोटं वाजवते. मामेभावानं टाकून दिलेला लॅपटॉप हिनं उचलला. बिजागरी तुटलेली, पडद्याचा एक कोपरा काळा. शाळा सुटली की कारखान्यात यायची आणि आईच्या मशीनजवळ फोन धरून आवाज भरायची. मशीनची धडधड, कात्रीची कचकच, इस्त्रीचा फुस्कारा, कापडाचा तागा टेबलावर आपटल्याचा धप्पकन आवाज. त्यातून गाणं बांधायची.

आई वैतागायची. "मी इथे पाठ मोडून घेते ती तू शिकावंस म्हणून. आणि तू माझ्या मशीनचं गाणं करत बसतेस?"

त्या गाण्यात एक खोड होती. ठोका सरळ चालता चालता मध्येच रेंगाळायचा, मग पुन्हा धावायचा. ज्यानं ऐकलं त्यानं शहाणपण शिकवलं, एक क्लिक कर, सरळ होईल.

"नाही करणार."

"हट्टी आहेस."

"आहेच."

आमच्या कामगार बायकांच्या संघटनेचा मेळावा मीच भरवते; यंदा त्यात खटखटच वाजवणार, हे मी ठरवून टाकलं. कुणाची परवानगी घेतली नाही, घेणारही नव्हते. आईनं तिला बजावलं, "माझ्या मैत्रिणींसमोर हसं झालं, तर तो लॅपटॉप भंगारात. नंतर रडायचं नाही."

मेळाव्याच्या दुपारी हॉलमध्ये साउंडवाला टेबल अडवून उभा. "पेन ड्राइव्ह दे, बाळ, आणि पुढे जाऊन बस. वाजवायला मी आहे."

"वाजवणार मी आहे, काका."

"काका काय? दादा म्हण!"

"मग तुम्ही बाळ म्हणू नका."

मी भांडायला पुढे होईपर्यंत त्यानं तिच्या हातातला पेन ड्राइव्ह ओढून लावलासुद्धा. आणि वर स्वतःच्या नावाची आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली आरोळी सोडली! गाणं पोरीचं, नाव ह्याचं. माझं डोकंच फिरलं.

थोड्या वेळानं त्याला त्यावर दुसरं गाणं चढवायचं होतं. दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण असतं, ते त्यानं दाबलं. खटखटचा ठोका रेंगाळला, दुसरा पुढे पळाला, आणि एका दारातून दोन म्हशी घुसाव्यात तसे दोन्ही एकमेकांवर आदळले. बायका खो खो हसल्या. पोरीचा चेहरा उतरला.

"गाणंच तिरकं आहे!" साउंडवाला ओरडला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून तिची आई उठली. "तिरकं काय? अहो, तिथे कॉलरचा कोपरा येतो! पायडलवरचा पाय सैल सोडावाच लागतो, नाहीतर सुई मोडेल!"

मग कॉलरवाल्या सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, "हो की गं! कोपराच तो!"

खटखट टेबलामागे गेली. साउंडवाल्याला कोपरानं सरकवलं, ते बटण बंद केलं, एका कानाला हेडफोन लावला. कोपरा आला तसं दुसरं गाणं बोटानं हलकेच मागे धरलं, वळण संपताच सोडलं. दोन्ही ठोके एकत्र चालले. सगळ्या बायकांचे पाय खुर्च्यांखाली मशीन चालवायला लागले. आईचाही.

खटखटनं माइक घेतला. "गाणं मी बनवलंय. मशीन माझ्या आईनं चालवलंय. बाकी कुणाचं नाव ऐकलं असेल तर विसरा."

लॅपटॉप वाचला. बिजागरीला आईनंच कॉलरमधला कडक कॅनव्हास चिकटवून दिलाय. पण अजून लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "पोरीची गाणी छान आहेत, पेन ड्राइव्ह पाठवून द्या, आमचा माणूस वाजवेल." तुमच्याकडे कार्यक्रम असेल तर पेन ड्राइव्ह मागू नका. तिला बोलवा, आणि टेबलामागची जागा मोकळी करून द्या.