विजयमालाकाकूंचं रक्त

कारेलीबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या विजयमालाकाकूंनी काकांच्या हार्ट अटॅकनं झालेल्या मरणाचं खापर सासरच्यांवर फोडलं होतं. "सगळे तेलकट सेव-उसळीवर पोसलेले! रक्तच नासकं." ऐकून माझं डोकं फिरायचं. दोन हजार पाच साली त्यांच्या मुलाला, हार्दिकला, ऐन अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला, तेव्हाही त्यांचं तेच. त्याला तर त्यांनी आयुष्यभर बिनतेलाचं खाऊ घातलं होतं.

डॉक्टरांनी हार्दिकची लायपोप्रोटीन-ए नावाची तपासणी करवली. काकूंचंही रक्त घेतलं. रिपोर्ट घ्यायला मी आणि हार्दिकची लेक ऋचा काकूंसोबत गेलो.

"बेन, हे प्रोटीन जास्त असलं की हृदयाला धोका," डॉक्टर म्हणाले. "ते खाण्यानं वाढत नाही, पथ्यानं उतरत नाही. आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. हार्दिकचं फार जास्त आहे. आणि तुमचंही."

काकूंनी आधी त्यांना खोटारडे म्हटलं, मग त्यांचे पाय धरले. "त्याचं सगळं काढून माझ्यात घाला हो!"

"तसं होत नाही." डॉक्टरांचं लक्ष ऋचाकडे गेलं. "हिचंही रक्त तपासायला हवं."

काकूंनी ऋचाचे दोन्ही हात पदराखाली ओढले.

"ही पोर आमच्या रक्ताची नाही," माझ्याकडे बोट दाखवून त्या किंचाळल्या, "ही यांची आहे!"