व्हीसीआर विकत की भाड्याने?

नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट. लखनौच्या रेल्वे कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरकडचे एक इंजिनिअर राहत. कुणी काही विकत घेतलं की ते वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने आकडे मांडत आणि म्हणत, "अच्छा, हे बघा भाऊ." व्हीसीआर विकत घेणारा तर त्यांच्या मते शुद्ध वेडा. वर्षातून चार-पाच रविवारी सिनेमे पाहायचे, तर एका दिवसापुरता भाड्याने आणावा. विकतच्या पैशांत वीस वर्षं भाडं भरता येतं!

त्यांच्या पत्नी एका शाळेच्या ऑफिसात काम करत आणि बाहेरून बी.ए. करत. इंग्रजीत दोनदा नापास झाल्या होत्या. टीव्हीवर इंग्रजीचे पाठ लागत, पण भरदुपारी; तेव्हा त्या शाळेत असत. "आता पुन्हा नाही बसणार," असं त्या माझ्या बायकोजवळ म्हणाल्या.

आठवड्याभरात हे गृहस्थ खांद्यावर व्हीसीआरचं खोकं घेऊन जिना चढताना दिसले.

"आणि तुमचा हिशेब?" मी विचारलं.

"तो सिनेमांचा होता भाऊ. पाठ तर रोज असतो."

टायमरवर त्यांचा भरवसा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ते सायकलने घरी येत, रेकॉर्डिंगचं बटण दाबत आणि पाठ संपेपर्यंत तिथेच उभ्याउभ्या डबा खात. वर्षभर, लखनौच्या उन्हाळ्यातल्या लूच्या तापलेल्या वाऱ्यातसुद्धा.

निकालाच्या दिवशी ते फाटकापासूनच ओरडत आले, "पास! इंग्रजीत अठ्ठावन्न!"

"अहो, हळू! सगळी कॉलनी ऐकतेय," पत्नी गॅलरीतून म्हणाल्या.

"ऐकू दे ना!" म्हणत त्यांनी ते आणखी मोठ्याने सांगितलं.