ओढ्याच्या नावाची बोट

जॉर्जियातल्या ओल्डरिज गावच्या व्हर्ना प्रुइट या बाईने अठ्ठ्याहत्तर वर्षांत 'अँटिटम' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या त्या लढाईला दक्षिणेत शार्प्सबर्ग म्हणतात. उत्तरेकडच्यांना लढाईला जवळच्या ओढ्याचं नाव द्यायची खोड. दक्षिणेकडचे निदान गावाचं तरी देतात. व्हर्नाबाईचे आजोबा त्या लढाईत एक पाय ठेवून आले होते. त्यांचा लाकडी पाय तिने लहानपणी पाहिला होता, त्यामुळे या विषयावर तिला पुस्तकांची गरज पडली नाही.

नातू वेंडेल आरमारात आचारी म्हणून गेला आणि त्याला बोट मिळाली तीही नेमकी 'अँटिटम'. पत्रांवर बोटीचं नाव टाकायची वेळ आली की बाई शेजारणीला बोलवायची. शेजारीण मूळची ओहायोची, म्हणजे उत्तरेकडची. तिच्या हाताला काही होत नसे.

मग वेंडेलला मुलगी झाली. आरमारात एक चाल आहे: बोटीची पितळी घंटा उलटी करून तिच्यात पाणी भरतात, त्यात मुलांचा बाप्तिस्मा होतो आणि मुलाचं नाव घंटेच्या आत कोरतात. वेंडेलच्या मनाने तेच घेतलं. पण प्रुइटांची चार पिढ्यांची पोरं एकाच झग्यात बाप्तिस्म्याला गेली होती. तो झगा व्हर्नाबाईच्या पेटीत होता, आणि पोस्टावर तिचा विश्वास नव्हता.

"त्या बोटीवर पाय ठेवणार नाही," तिने फोनवर सांगितलं. "त्या ओढ्यावर आपल्या घराण्याने आधीच एक पाय ठेवलाय. आपल्या मेथडिस्ट चर्चमध्ये चांगलं संगमरवरी भांडं आहे."

"भांड्यात नाव कोरत नाहीत, आजी. बोट भंगारात गेली तरी घंटा ठेवतात. झगा नसला तर साध्या फ्रॉकमध्ये उरकू आम्ही."

साधा फ्रॉक तिला झोंबला. तीन आठवडे ती घरात धुसफुसली. मग आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, झग्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून, बोट लागली होती त्या सान दिएगोला उतरली.

गोदीवर ती शिडीपाशी थांबली. वर पाद्री ताटकळले, तान्ही रडायला लागली, वेंडेलचा चेहरा पडला. बाईने खालूनच विचारलं, घंटेवर बोटीचं नाव आहे का.

"आहे," वेंडेल म्हणाला. "बाहेरून."

ती एकेक पायरी चढून आली. घंटा तिवईवर उलटी ठेवलेली होती. त्यामुळे ठसठशीत अक्षरंही डोक्यावर उभी होती. बाईने चष्मा लावून ती नीट न्याहाळली. मग पिशवी उघडली.

"आण पोरीला," ती म्हणाली. "नाव अगदी बरोबर लावलंय त्यांनी."