निळ्या दिव्याचं माप

गेल्या मंगळवारी सकाळपासून चाकूरच्या एका बाईचं तान्हं बाळ, कावीळ उतरावी म्हणून, दवाखान्यात निळ्या एलईडीखाली होतं. गुरुवार संध्याकाळ झाली तरी कावीळ हटेना. दिवाच खराब आहे म्हणत मी, गावातला कार्यकर्ता, दवाखान्याच्या निषेधाची पत्रकं वाटली. दिवा कुणी बदलला नाही.

शुक्रवारी लातूरहून दिवे तपासणारा माणूस स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं मशीन, घेऊन आला. मी तावातावाने बोलू लागलो.

"थांबा हो भाऊ, आधी माझं मशीन खरं बोलतंय का बघू द्या."

ज्याचा प्रकाश नेमका ठाऊक असतो असा सोबतचा नमुन्याचा दिवा त्याने पंधरा मिनिटं तापवला, त्यावर मशीन जुळवलं, मग बाळाचा दिवा मोजला.

"निळा हाय, पण दम न्हाई."

डॉक्टरांनी लगेच दिवा बदलला. बाळाच्या आईने हात जोडले, ते त्याला. माझा नुसता जळफळाट झाला. त्याच्यासारखी स्वतःवर आधी शंका घेणं मला कधी सुचलंच नव्हतं.

तुमच्या दवाखान्यात आजच जा आणि विचारा: हा दिवा शेवटचा कधी मोजला?